खैरनार सरांचं खवल्या मांजर

मला आयुष्यात एकदाच कुणीतरी पक्षी म्हटलं, आणि तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. म्हणणारे होते आमच्या ज्युनिअर कॉलेजातले जीवशास्त्राचे खैरनार सर आणि पक्षी होता ऑस्ट्रेलियातला लायरबर्ड. सरांनी स्टाफरूममध्ये प्रत्येकाला एकेक प्राणी वाटून दिला होता. उपप्राचार्यांना अमेरिकेच्या वाळवंटातला शिंगवाला सरडा, कारण त्याला फार डिवचलं की तो डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी उडवतो. ग्रंथालयातल्या सोनवणे भाऊंना जलअस्वल. हा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव पाणी संपलं की वाळून पडतो आणि पाणी मिळालं की पुन्हा चालायला लागतो. सोनवणे भाऊंचं तेच, फक्त पाण्याच्या जागी चहा. अशा यादीत माझ्या वाट्याला पक्षी आला म्हटल्यावर मी हरखले. घरी जाऊन त्याचा फोटो शोधला. केवढा तो पिसारा. नवऱ्याला दाखवला, नणंदेला पाठवला, बरेच दिवस मोबाइलवर तोच लावून ठेवला. मग एका मधल्या सुट्टीत मी सरांना लाडीगोडीने विचारलं, की त्या पक्ष्यात आणि माझ्यात तुम्हाला नेमकं काय सारखं वाटलं.

"तो तासन्‌तास गातो," सर भाकरी मोडत म्हणाले, "आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्यांचं असतं. दुसऱ्या पक्ष्यांचं, कॅमेऱ्याच्या खटक्याचं, लाकूड कापायच्या करवतीचंसुद्धा. पण हुबेहूब हं."

मी मराठी शिकवायचे. माझं एक वाक्य स्वतःचं असेल तर पुढची दोन कुठल्यातरी कवीची असायची, आणि हे मला वीस वर्षांत कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मी मोबाइलवर पुन्हा कुलदैवताचा फोटो लावला.

सर मूळचे सटाण्याकडचे. उंच, किडकिडीत, आणि त्यांच्या पँटी गुडघ्यांवर कायम फुगलेल्या, कारण दिवसातून कितीदा तरी ते कशासाठी तरी खाली उकिडवे बसायचे. मुंगळा असो, गोगलगाय असो, फरशीच्या फटीतलं काहीतरी असो. एकदा प्राचार्य त्यांच्याशी वेळापत्रकाबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की आपण हवेशी बोलतोय, सर खाली आहेत. डब्यात रोज कळण्याची भाकरी आणि ठेचा. बोलणं अगदी पाठ्यपुस्तकासारखं शुद्ध. पण एखादा प्राणी समोर आला की ते शुद्ध मराठी गळून पडायचं आणि अहिराणी वर यायची. "देख, देख, कसं शे ते," असं सर म्हणाले की समजायचं, जवळपास काहीतरी जिवंत आहे आणि आपण पाय जपून टाकायला हवा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "उपयोग विचारू नका, कुणाची पिल्लं जगली ते विचारा." प्राणी अमुक अवयव कशासाठी वाढवतो, असं कुणी विचारलं की हे वाक्य यायचं. पुढे पुढे ते सगळ्यालाच लागू पडायला लागलं. कँटीनचा वडा इतका तेलकट का, तर कमी तेलाचा करणारे आधीचे दोन कँटीनवाले टिकले नाहीत. माझ्या तासाला मुलं इतकी शांत कशी, यावरही त्यांच्याकडे तसलंच स्पष्टीकरण होतं. ते मी इथे देणार नाही.

या वाक्याचा खरा दणका मला बसला तो स्नेहसंमेलनात. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे होतं. मराठी शिकवणाऱ्या बाईला ते चुकत नाही, आणि खरं सांगायचं तर चुकलं असतं तर मीच रुसले असते. गुणवंतांचा सत्कार होता. पालक समोर, पाहुणे व्यासपीठावर. मी मोरपंखी पैठणी नेसून म्हणाले, "उंच झाडाचा पाला मिळावा म्हणून जिराफाने जशी पिढ्यान्‌पिढ्या आपली मान उंचावली, तशीच आपल्या या विद्यार्थ्यांनी अथक परिश्रमाने..."

पहिल्या रांगेत हात वर झाला. मला वाटलं, सर दाद देतायत. ते सरळ व्यासपीठावर चढले, माझ्या हातातून अलगद माइक घेतला आणि पालकांकडे वळून म्हणाले, "जिराफाने मान उंचावली नाही. हा गैरसमज आहे. काही जिराफ जन्मतःच जरा लांब मानेचे होते. त्यांची पिल्लं जास्त जगली. आखूड मानेच्यांची कमी जगली. असं खूप काळ चाललं. यात परिश्रमाचा काहीही संबंध नाही."

गुणवंत हातात गुच्छ घेऊन उभे. पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. उपप्राचार्यांच्या डोळ्यांकडे पाहून मला वाटलं, आता चिळकांडी उडते. सरांचं जिराफावरून खोल समुद्रातल्या माशावर गेलं, ज्यातला नर मादीला चिकटतो आणि हळूहळू तिच्या अंगाचाच भाग होऊन जातो, आणि पालकवर्गात थोडी चुळबुळ झाली. कार्यक्रम संपल्यावर सर माझ्याकडे आले. मला वाटलं, माफी मागतील.

"मॅडम, तुमचं वाक्य फार छान होतं," ते म्हणाले. "फक्त खोटं होतं."

एवढं होऊनही दर पावसाळ्यात मला त्यांच्यासोबत इगतपुरीला जावं लागायचं. सहलीला मुली असल्या की सोबत महिला शिक्षक हवी, आणि जीवशास्त्र विभागात महिलाच नव्हती. मी मैदानात चप्पल घालूनही घसरणारी बाई. पण आदेश म्हणजे आदेश. एका श्रावणात आम्ही भाताच्या बांधावरून रांगेने चाललो होतो. वरून पाऊस, खाली चिखल, आणि मी मनातल्या मनात एका कवितेची ओळ आठवत होते, तेवढ्यात पुढून "साप, साप" असा गलका झाला. शेताचा मालक फावडं घेऊन धावला. सर त्याच्या आणि त्या प्राण्याच्या मध्ये जाऊन बसले. बसले म्हणजे चिखलात मांडीच घातली.

"नही भाऊ, मारू नको. देख तरी, काय शे ते." मग मुलांकडे वळून, पुन्हा शुद्ध मराठीत: "हा साप नाही. गांडूळही नाही. याला देवगांडूळ म्हणतात, आणि हा बेडकाचा भाऊबंद आहे. याच्या पूर्वजांना पाय होते. मातीत घुसायचं तर पायांची अडगळच, मग ज्यांचे पाय आखूड त्यांचं बरं चाललं. डोळेही जवळजवळ गेलेत. डोळ्यापुढे ती बारीक मिशी दिसते का? तिच्यावर सगळा कारभार चालतो. आणि मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते, ती पिल्लं बाहेर येईपर्यंत."

"म्हंजे काय करीत नाय ना ते?" मालकाने फावडं खाली केलं.

"तुमच्या बांधातली वाळवी खातं."

"मंग राहू द्या त्याला," मालक म्हणाला.

इथपर्यंत मी सगळं ऐकलं, पण पाहिलं काहीच नाही, कारण गलका झाला तेव्हाच माझा पाय बांधावरून सुटला होता आणि मी कमरेपर्यंत भातात बसले होते. छत्री उघडीच होती, त्यामुळे लांबून ते बहुधा ठरवून बसल्यासारखं दिसत असावं. सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तिथून काय दिसणार? या, जवळून बघा." शेवटी मला ओढून काढलं मंगल गोडे नावाच्या मुलीने. ती त्याच बाजूच्या गावातली, दणकट, आणि सरांच्या तासाला पहिल्या बाकावर बसणारी. पुढे ती वनरक्षक झाली आणि तिची नेमणूकही त्याच भागात झाली. माझ्या मते तिची भरतीपूर्व चाचणी त्या दिवशीच झाली होती.

परतीच्या बसमध्ये मी अंगावर सतरंजी गुंडाळून बसले होते. सर शेजारी येऊन बसले. आपल्याला कुठला प्राणी पाहायचा राहिलाय, असं काहीतरी मी विचारलं, विषय माझ्या पडण्यावरून हलावा म्हणून.

"खवल्या मांजर," ते म्हणाले. "जिवंत एकदाही पाहिलं नाही."

मला हे खरंच वाटेना. कारण खवल्या मांजर म्हणजे सरांचा खास तास. त्याच्या पुढच्या पायांची नखं इतकी लांब असतात, की ती आत मुडपून, मुठींची पाठ टेकवत ते चालतं. सर दर वर्षी ते करून दाखवायचे. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, आणि हा उंच माणूस दोन बाकांच्या मधून बोटं आत वळवून चार पायांवर चालतोय. मागच्या वर्षीची मुलंसुद्धा तो तास बघायला खिडकीशी गर्दी करायची.

"ते पुस्तकात वाचून करतो," सर म्हणाले. "त्र्यंबकच्या डोंगरात गेलो, पेठकडे गेलो, सुरगाण्याला राहिलो. बीळ ताजं सापडतं, फोडलेलं वारूळ सापडतं, ते नाही सापडत. व्हिडिओ पाहिलेत, पण तसा कुणी सिनेमाही बघतो. इतक्या मुलांना मी चालून दाखवलं, मॅडम. मी शेजारी असताना ते एकदा माझ्यासमोर चाललं पाहिजे. नाहीतर मी ऐकीव गोष्ट पुढे ढकलतोय, एवढंच."

मी आयुष्यभर ऐकीव गोष्टीच पुढे ढकलत आले होते आणि त्यावर बढतीही घेतली होती, म्हणून सतरंजी आणखी घट्ट गुंडाळून घेतली.

सर निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांच्या डोळ्यांचं समजलं. काचबिंदू. तो आधीपासून होता, त्यांनी दडवला होता. बाजूचं दिसणं आधी जातं आणि समोरचं उरतं, त्यामुळे कुणाला कळत नाही. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटवर मी भेटायला गेले, तर त्यांनी मला उत्साहाने डोळाच शिकवला. माणसाच्या डोळ्यात नसा पडद्याच्या पुढून येतात आणि मग भोक पाडून मागे जातात. काचबिंदूत त्या नेमक्या तिथेच दाबल्या जातात. ऑक्टोपसच्या नसा मागूनच निघतात. "आपल्या डोळ्याची जोडणी उलटी आहे. एकदा तशी सुरुवात झाली, मग कुणी बदलणार? भिंतीत वायरिंग झाल्यावर बोर्ड हलवता येत नाही, तसं ते."

वहिनींनी चहा ठेवला. सरांनी कपाच्या शेजारी हात नेला, मग टेबलावरून सरकवत कपापर्यंत आणला. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, "होईल सर सवय. माणूस परिस्थितीशी जुळवून घेतोच."

"कोण जुळवून घेतो?" सरांचा आवाज चढला. "गुहेतल्या माशांचे डोळे गेले, पण त्याला किती पिढ्या लागल्या. दर पिढीला बाकीची इंद्रियं थोडी थोडी वाढली. मला पिढ्या कुठून आणू? एकटा प्राणी उत्क्रांत होत नसतो, मॅडम. एकटा प्राणी नुसता म्हातारा होतो."

मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं, आणि असलं गुळगुळीत वाक्य आपल्या तोंडातून इतक्या सहज कसं येतं, याचंही वाटलं. त्यानंतर सरांनी बाहेर पडणं सोडलं. फोन उचलेनात. कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन पडायचे.

अशात एका फेब्रुवारीत सकाळी मंगलचा फोन आला. "मॅडम, सर फोन उचलीत नाय. त्यांना सांगा, खवल्या मांजर घावलंय. शेततळ्यात पडलं व्हतं, प्लास्टिकवरून वर येता येईना त्याला. जिवंत हाय. डॉक्टर बघून गेले, काय लागलं नाय म्हणले. संध्याकाळी सोडायचं हाय. तुम्ही आणा सरांना."

मी सरांकडे गेले. ते भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडले होते. मी सगळं सांगितलं. ते तसेच, न वळता बोलले.

"आता बघून काय करू? दिवसा उन्हात समोरचं ताटलीएवढं दिसतं. ऊन उतरलं की तेही नाही."

"अजून ऊन आहे, सर."

वहिनी दारात उभ्या होत्या. "उठा आते," त्या अहिराणीत म्हणाल्या. "मॅडम लेवाले येल शेतस." आणि त्यांनी सरांचे बूट आणून पलंगाशी ठेवले.

आता अडचण एवढीच होती, की गाडी मी चालवणार होते. मी गाडी पन्नाशीनंतर शिकले आणि तोवर भाजी बाजाराच्या पलीकडे नेली नव्हती. महामार्गाला लागेपर्यंतच ती तीनदा बंद पडली. घोटीच्या अलीकडे एक ट्रक इतका जवळून गेला, की माझे डोळे मिटले.

"मॅडम, काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर. ट्रक होता."

"मला दिसत नाही ते एका अर्थी बरंय," सर म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना ऐकलं. मग ते बोलायला लागले. त्या प्राण्याच्या तोंडात दात नाहीत, जीभ थेट छातीत खोलवर रुजलेली असते, खवले म्हणजे आपली नखंच, तोच पदार्थ. संकट आलं की ते गोल गुंडाळून बसतं. बिबट्या त्याला लोळवतो, चावून बघतो आणि कंटाळून निघून जातो. "पण मग माणूस आला पोतं घेऊन. ज्या गुंडाळण्याने ते इतका काळ वाचलं, त्यानेच ते आता अलगद उचललं जातं. पळालं असतं तर बरं झालं असतं. पण पळणाऱ्यांची पिल्लं बिबट्याने केव्हाच संपवली."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रानाच्या कडेला वनखात्याची गाडी, जाळीचा पिंजरा, आणि भोवती निम्मं गाव. पिंजऱ्यात मध्यभागी एक घट्ट गोळा. सर त्याच्यासमोर उकिडवे बसले, मान थोडी वाकडी करून ती ताटलीएवढी जागा नेमकी त्याच्यावर आणत. गोळा हलला नाही. लोक मोबाइल घेऊन पुढे सरकत होते, कुणी जाळीवर टकटक करत होतं.

"त्यांना मागे घे, मंगल," सर म्हणाले. "ते बिबट्या जायची वाट बघतंय."

मंगलने सगळ्यांना पार रस्त्यापर्यंत मागे नेलं. पिंजऱ्याचं दार उघडून ठेवलं. मग आम्ही बसलो. ऊन डोंगराआड गेलं. मला सगळं स्पष्ट कळत होतं आणि काहीच करता येत नव्हतं. ते जनावर अंधारल्याशिवाय आणि निजानीज झाल्यासारखं शांत झाल्याशिवाय उलगडणार नाही, आणि अंधारलं की सरांना दिसणार नाही. सरांनी दोनदा चष्मा पुसला. तिसऱ्यांदा पुसला तेव्हा ते पिंजऱ्याच्या बरेच डावीकडे बघत होते. मी त्यांचं डोकं हलकेच वळवलं.

हे मी आत्ता इतकं तपशिलाने सांगते, कारण पुढच्याच महिन्यात सर आणि वहिनी मुलीकडे बंगळुरूला गेले आणि पावसाळ्यात सर तिथेच वारले. त्या संध्याकाळनंतर त्यांना मी पाहिलं नाही.

गोळ्याला एक चीर पडली. मी सरांचा हात दाबला. मंगल मागून वाकली आणि कुजबुजली, "सर, बॅटरी हाय. मारू का? तेवढ्यात बघून घ्या."

सरांचा श्वास मला ऐकू येत होता. बॅटरी मारली असती तर त्यांना दिसलं असतं, कदाचित एक क्षणभर, आणि ते पुन्हा मिटलं असतं. चाललं काही नसतं.

"नको," सर म्हणाले. "राहू दे. मॅडम, तुम्ही सांगा. पण नुसतं दिसतं तेवढं सांगा."

माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत अवघड सूत्रसंचालन. तोंडात आलेल्या सगळ्या ओळी मी गिळल्या. "नाक बाहेर आलंय," मी म्हणाले. "ओलं आहे. हलतंय. आता डोळे दिसले, बारीक आहेत. पाठ सुटली. ते उभं राहिलं. दारातून बाहेर येतंय."

"पुढचे पाय?"

"नखं आत मुडपलीत, सर. मुठींच्या पाठीवर चालतंय."

सरांचे दोन्ही हात समोर मातीवर टेकले होते, बोटं आत घेतलेली. मला रडू फुटलं, आणि रडताना काही दिसत नाही, हे मला त्या वयात नव्याने कळलं. मी डोळे पुसले तेव्हा समोर नुसतं गवत होतं. ते करवंदीच्या जाळीत शिरलं होतं. पण सरांना एवढंसंच मिळालं, हे मला सहन होईना. मी बोलत राहिले. ते थांबलंय, वारूळ हुंगतंय, शेपटी जमिनीवरून ओढतंय, मागे वळून बघतंय.

"मॅडम," सर हळूच म्हणाले, "गेलंय ते. मघाशीच गेलं. मला ऐकू आलं."

मी गप्प झाले. सरांनी तोंड माझ्या दिशेने वळवलं, थोडं चुकलंच, माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत होते.

"थांबलात का?" ते म्हणाले. "सांगा ना पुढे."